लहान कर्ज परवडत नाही म्हणणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
निसर्गसंवर्धनासाठी पैसा उभा करणाऱ्या आणि वाटणाऱ्या विकास बँका, संवर्धन निधी, देणगीदार संस्था आणि त्यांना पैसा पुरवणारी सरकारं यांस

सप्रेम नमस्कार.

गेली ११ वर्षं मी मधपाळांच्या एका गटाचा हिशेब लिहिते आहे. गटात ४१ घरं आहेत आणि सगळी एका संरक्षित जंगलाच्या हद्दीला लागून आहेत. हद्द म्हणजे रंग उडालेल्या सिमेंटच्या खांबांची रांग. खांबांच्या पलीकडे लाकूड तोडायचं नाही, जाळ करायचा नाही, शिकार करायची नाही. अलीकडे आमच्या मधपेट्या. माश्या पलीकडच्या फुलांवर जातात आणि अलीकडे येऊन पोळी भरतात. आमची चूल या येण्याजाण्यावर चालते.

मागच्या महिन्यात आम्हाला एका निधीकडून दोन परिच्छेदांचं पत्र आलं. त्यांनी कर्जाची किमान रक्कम दहापट वाढवली आहे. कारण एका वाक्यात दिलं होतं: लहान कर्जांचा व्यवहारखर्च परवडत नाही. याआधी आम्ही त्यांच्याकडून दोनदा कर्ज घेतलं आणि दोन्ही वेळा शेवटचा हप्ता मुदतीआधी भरला. पत्रात त्याबद्दल आमचे आभार मानले होते. पुढे सुचवलं होतं की परिसरातल्या दहा गटांनी एकत्र येऊन एकच मोठा अर्ज करावा.

आमच्या परिसरात दहा गट नाहीत. तीन आहेत. त्यातल्या एका गटापर्यंत पोचायला ओढा ओलांडावा लागतो आणि पावसाळ्यात तो ओलांडता येत नाही.

त्या निधीचं नाव मी इथे घेत नाही. तिथली माणसं चांगली आहेत, आमच्या अंगणात बसून त्यांनी आमचं ऐकून घेतलेलं आहे. शिवाय हा प्रश्न एका निधीपुरता नाही. अशीच अट मी इतर दारांवरही वाचली आहे, म्हणून तुम्हा सगळ्यांना एकत्र लिहिते आहे. आणि हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही वाटता तो पैसा शेवटी करदात्यांचा किंवा देणगीदारांचा असतो. तो कुठे अडतो हे त्यांनाही कळायला हवं.

परवडत नाही म्हणजे काय, हे मला समजतं. मी वह्या सांभाळणारी बाई आहे. एक अर्ज तपासायचा तर माणूस पाठवावा लागतो, कागद बघावे लागतात, करार करावा लागतो, वर्षातून एकदा-दोनदा पाहणी करावी लागते. कर्ज लहान असो की शंभरपट मोठं, या कामाला दिवस जवळजवळ तेवढेच जातात. लहान कर्जाच्या व्याजातून ते दिवस भरून निघत नाहीत. गणित बरोबर आहे. माझी तक्रार तुम्ही हा खर्च ज्या खात्याला टाकता त्याबद्दल आहे.

तीन वर्षांपूर्वी पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी विचारलं, "या पेट्यांमुळे जंगलाचं भलं होतं, याला पुरावा काय?" आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशी उठल्या आणि त्यांना खांबांपर्यंत घेऊन गेल्या. मी मागून वही घेऊन चालले होते. मावशींनी त्यांना एक तोडलेला बुंधा दाखवला. बुंध्याला चारी बाजूंनी फुटवे आले होते आणि ते आमच्या डोक्याच्या वर गेले होते. मावशी म्हणाल्या, "हे झाड माझ्या नवऱ्यानं तोडलं. कोळशासाठी. गट सुरू व्हायच्या आदल्या वर्षी. आता हाच माणूस इथून फुटवा तोडू देत नाही, कारण याच्या फुलांवर आपल्या माश्या येतात." मग त्यांनी जाळरेषा दाखवली. उन्हाळा लागायच्या आधी आमची ४१ घरं मिळून हद्दीलगतचा पाचोळा झाडून एक पट्टा मोकळा करतात. वणवा आला तर सगळ्यात आधी पेट्या जातात, म्हणून. पूर्वी मशाल लावून रानातली पोळी काढत, निखारे खाली पडत आणि वणव्याची सुरुवात तिथून होई. पेट्या आल्यापासून आमच्या बाजूला कुणी मशाल लावलेली नाही. अधिकाऱ्यांनी हे सगळं लिहून घेतलं. परत येईपर्यंत त्यांच्या एका बुटाचा तळ सुटला होता; आम्ही तो सुतळीनं बांधून दिला.

त्यांचा त्या दिवसाचा पगार, गाडीभाडं, मुक्काम हे सगळं कर्जाची छाननी म्हणून लागलं, आणि आमचं कर्ज महाग ठरलं. तोच माणूस तीच पायपीट करून, तोच बुंधा आणि तीच जाळरेषा बघून अहवाल लिहायला आला असता, तर तो खर्च संवर्धनाची देखरेख म्हणून लागला असता आणि त्याला कुणी महाग म्हटलं नसतं. लहान कर्जामागे तुमचा जो माणूस येतो, तो जंगलाच्या कडेवरचे डोळे आणि कान असतो. कोण कोळसा पाडायचं सोडून दुसऱ्या कामाला लागलं, कोण पुन्हा कुऱ्हाड घेऊन जायला लागलं, हे त्याला कळतं. उपग्रहाच्या चित्रात झाड गेल्यावर दिसतं. झाड कोणत्या घराच्या अडचणीपायी जाणार आहे, हे त्यात दिसत नाही.

आता मोठ्या आकड्यांकडे येते, कारण ते तुमचेच आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलला जगातल्या देशांनी जैवविविधतेचा करार करून ठरवलं की २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणायचा. त्याच करारात २०३० पर्यंत जैवविविधतेसाठी सगळे स्रोत मिळून दरवर्षी किमान २०० अब्ज डॉलर उभे करायचं ठरलं. त्याच वर्षी मार्चमध्ये जागतिक बँकेनं दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या गेंड्यांसाठी १५ कोटी डॉलरचे रोखे काढले. गेंड्यांची संख्या किती वाढते त्यावर गुंतवणूकदाराचा परतावा अवलंबून. अशी कल्पना सुचणं आणि ती बाजारात उभी करणं सोपं नाही, याचं मला कौतुक आहे. पण ३० टक्के क्षेत्र संरक्षित करायचं म्हणजे हद्दीचे नवे खांब लागणार, आणि प्रत्येक नव्या खांबापाशी कुणीतरी राहतच असणार. त्या माणसाला पेट्या, रोपं, सुकवणी, वजनकाटा यासाठी लागणारी रक्कम तुमच्या रोख्यांपुढे इतकी लहान आहे की ती देण्याची सोयच तुमच्याकडे नाही.

लहान रक्कम देता येत नाही, असंही नाही. जागतिक पर्यावरण सुविधा या आंतरराष्ट्रीय निधीचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून चालू आहे. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम तो चालवतो आणि त्यातून ५०,००० डॉलरपर्यंतची अनुदानं थेट स्थानिक संस्थांना दिली गेली आहेत. जागतिक वारसास्थळांभोवतीच्या लोकांसाठी २००० साली त्याच कार्यक्रमातून एक खास उपक्रम निघाला. किलिमांजारो, माउंट केनिया, बेलीझची प्रवाळभिंत अशा ठिकाणी तो चालला. म्हणजे माणसं, पद्धती, अनुभव हे सगळं आहे. पण अनुदान एकदाच येतं. पहिल्या पेट्या अनुदानातून येतात. तिसऱ्या वर्षी मध वाढतो, बाटल्या लागतात, मध काढायचं यंत्र मोठं लागतं, खरेदीदार पैसे दोन महिन्यांनी देतो, तेव्हा खेळतं भांडवल लागतं. त्या वेळी आम्ही अनुदानासाठी जास्त मोठे झालेलो असतो आणि बँकेसाठी फार लहान असतो. अनेक चांगले गट मी या मधल्या जागेत संपताना पाहिले आहेत. त्यांच्या नावाचा फलक अजून रस्त्याला असतो, देणगीदाराच्या बोधचिन्हासकट.

दुसरी तक्रार वेळेची आहे आणि ती पहिलीइतकीच जुनी आहे. आमच्या पहिल्या कर्जाचा अर्ज आम्ही फुलोऱ्याच्या चार महिने आधी दिला. मंजुरी सात महिन्यांनी आली. फुलोरा तोवर संपला होता. पेट्या आल्या त्या टंचाईच्या काळात. रानात फूल नाही, म्हणून माश्यांना साखरेचा पाक पाजून जगवावं लागलं, आणि त्या साखरेचे पैसे कर्जातच गेले. नऊ पेट्यांमधल्या माश्या तरीही सोडून गेल्या. उघडून बघितलं तर मेणकिड्यांनी पोळ्यांची जाळी केलेली. मी त्या नऊ ओळी वहीत लाल शाईनं लिहिल्या. तुमच्या कागदावर ते "वेळेत वितरित" कर्ज आहे, कारण तुमचा वेळ मंजुरीपासून मोजला जातो.

कर्ज वेळेवर आलं नाही की काय होतं, हे आमच्यापुरतं नाही. अमेझॉनच्या जंगलात ब्राझील नट गोळा करणाऱ्यांचं उदाहरण घ्या. हे झाड उभ्या जंगलातच नीट फळतं. मोठ्या रानमाश्या त्याच्या फुलांचं परागीकरण करतात आणि अगूती नावाचा कुरतडणारा प्राणी त्याची टणक फळं फोडून बिया पुरून ठेवतो. जंगल तोडलं की हे दोघं जातात आणि फळही जातं. म्हणून जंगल राखून पोट भरण्याचं याहून सरळ उदाहरण सापडणं कठीण. पण फळं पावसाळ्यात पडतात. ती गोळा करायला आठवडेच्या आठवडे जंगलात राहावं लागतं, त्यासाठी शिधा, होडीचं इंधन, मजुरी आधी लागते. बोलिव्हिया आणि पेरूमध्ये व्यापारी ही उचल देतात. तिथे त्या पद्धतीला आबिलितो म्हणतात. उचल घेतली की माल त्याच व्यापाऱ्याला द्यायचा, आणि मग भाव ठरवताना गोळा करणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. व्यापारी हंगामाला काही महिने उरलेले असताना वीस पानांचा अर्ज मागत नाही, तो पैसे मोजून देतो. तुमचं व्याज कमी असलं तरी तुमचा पैसा फळं पडून गेल्यावर येणार असेल, तर माणूस व्यापाऱ्याकडेच जाणार.

परतफेडीच्या वेळेचंही तसंच. सूक्ष्म वित्तसंस्थांनी लहान कर्ज देता येतं हे जगाला दाखवलं, त्याचा मान त्यांना आहे. पण त्यांची घडी दुकानदारीची आहे: आज कर्ज, पुढच्या आठवड्यापासून हप्ता. सावलीत वाढणाऱ्या कॉफीचं रोप लावलं तर पहिलं पीक यायला तीन-चार वर्षं लागतात. २०१२ मध्ये मध्य अमेरिकेत कॉफीवर तांबेरा आला तेव्हा बागाच्या बागा नव्यानं लावायची वेळ आली. झाडांच्या सावलीतली बाग टिकवून धरायची तर त्या मधल्या वर्षांसाठी थांबणारा पैसा लागतो. तो नसेल, तर सावलीची झाडं तोडून गुरांसाठी कुरण करणं हा सोपा मार्ग समोर असतोच. आणि चुकीच्या घडीचं कर्ज माणसाला मोडतं, हेही मी डोळ्याआड करत नाही. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्म कर्जांच्या वसुलीचा तगादा इतक्या थराला गेला की सरकारला अध्यादेश काढावा लागला. कर्ज लहान असलं म्हणजे आपोआप चांगलं, असं माझं म्हणणं नाही. ते झाडाच्या आणि माशीच्या वेळापत्रकाला धरून असावं, एवढंच म्हणणं आहे.

तारणाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण यात सांगण्यासारखं फार नाही, फक्त अडकण्यासारखं आहे. संरक्षित क्षेत्राच्या कडेला जमिनीचा कागद नावावर असणारी माणसं कमी. जिथे आहे तिथे तो बहुधा पुरुषाच्या नावावर, आणि गटाचं काम करणारी बाई. अर्जातल्या "तारण" या रकान्यात आमच्या अध्यक्षांनी पहिल्या वेळी पेट्यांची संख्या लिहिली होती. अर्ज परत आला, लाल शेरा मारून: "जंगम, कीटकयुक्त, अस्वीकार्य." सामायिक साधनसंपत्ती लोक नियम करून नीट सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याला आता बरीच वर्षं झाली. गटाचे नियम, दंडाची वही, परतफेडीची नोंद यांना तारणाच्या जागी काही किंमत असावी, ही मागणी आता नवी राहिलेली नाही.

यानंतर पर्यटनाबद्दल. संरक्षित जागेच्या भोवती उद्योग म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर आधी पर्यटकांची निवासं येतात, हे मी बैठकांमध्ये पाहिलं आहे. त्यात पैसा दिसतो, फोटो चांगले येतात, आणि कर्जाची रक्कम तुमच्या किमान मर्यादेत बसते. नामिबियानं १९९६ च्या कायद्यानं सामूहिक जमिनीवरच्या लोकांना वन्यजीवांवर हक्क दिले, आणि तिथल्या संवर्धन क्षेत्रांनी पर्यटनातून खरोखर कमाई केली, राखणदार नेमले. ते काम मोठं आहे. पण २०२० मध्ये महासाथीत विमानं थांबली आणि पर्यटनाचं उत्पन्न एका झटक्यात आटलं. राखणदारांचे पगार चालू ठेवायला मदतनिधी उभारावा लागला. एकाच खांबावर घर उभं केलं की असं होतं. मध, मेण, सुकवलेली औषधी मुळं, लोकर, कॉफी, विणकाम ही उत्पन्नं लहान असतात, पण ती एकाच दिवशी सगळीच्या सगळी बंद पडत नाहीत.

उद्यानाच्या उत्पन्नातला वाटा लोकांना देण्याची पद्धतही काही देशांत आहे. रवांडात २००५ पासून उद्यानांच्या उत्पन्नातले ५ टक्के आजूबाजूच्या लोकांसाठी ठेवले जाऊ लागले आणि २०१७ मध्ये ते १० टक्के केले गेले. त्यातून शाळेच्या खोल्या, दवाखाने, पाण्याच्या टाक्या झाल्या. नेपाळमध्ये संरक्षित क्षेत्राच्या उत्पन्नातले ३० ते ५० टक्के भोवतालच्या बफर क्षेत्रातल्या लोकांच्या विकासासाठी खर्च करता येतात, आणि त्यात उत्पन्नवाढीच्या कामांसाठी वेगळं शीर्षक आहे; तिथल्या उपभोक्ता समित्या त्या पैशातून आपल्या सभासदांना लहान कर्जं देतात आणि फिरवतात. मला नेपाळची रीत जास्त पटते. शाळेची खोली हवीच, पण ती बांधणं हे मुळात सरकारचं काम आहे. आणि खोली बांधून झाली की त्या पैशाचं जंगलाशी असलेलं नातं संपतं. फिरत्या कर्जाचं नातं दर हंगामाला नव्यानं जुळतं.

इथे तुमच्यातला एखादा विचारेल, आणि विचारायलाच हवं: उद्योग वाढला तर जंगलावरचा ताण वाढणार नाही कशावरून? वाढू शकतो. आमच्याकडेच एका वर्षी मधाला भाव आला तेव्हा बाहेरची माणसं रानातली पोळी ओरबाडायला आली होती. म्हणून पैशासोबत अट हवी. आम्हाला अटीची भीती नाही. मंगोलियात हिमबिबट्याच्या प्रदेशातल्या पशुपालक बायका लोकरीच्या वस्तू करतात. त्या वस्तू विकत घेणाऱ्या उपक्रमात त्यांनी करार केलेला असतो: आपल्या भागात हिमबिबट्याची किंवा त्याच्या भक्ष्याची बेकायदा शिकार होणार नाही. करार पाळला तर वर्षाअखेर सगळ्यांना अधिक रक्कम. एकानं मोडला तर ती सगळ्यांची जाते. मग राखण शेजारीच करतात. झांबियातल्या लुआंग्वा खोऱ्यात शिकार करणाऱ्यांनी फास आणि बंदुका जमा केल्या, शेतीच्या पद्धती बदलल्या आणि त्याबदल्यात त्यांच्या शेंगदाण्याला आणि मधाला चांगला भाव देणारी बाजारव्यवस्था उभी राहिली. मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावर २००४ मध्ये एका गावानं प्रवाळाचा एक भाग काही महिने ऑक्टोपसच्या पकडीसाठी बंद ठेवला. ऑक्टोपस झपाट्यानं वाढतो, त्यामुळे बंदी उठल्यावर मोठे ऑक्टोपस मिळाले आणि इतर गावांनी ती रीत उचलली. ते बंदीचे महिने घर कशावर चालवायचं, हा प्रश्न प्रत्येक किनाऱ्यावर आहे, आणि त्याचं उत्तर म्हणजे अगदी लहान, अगदी वेळेवर मिळालेलं कर्ज असू शकतं.

या सगळ्या ठिकाणी अट कागदावर राहिली नाही, कारण ती खरेदीशी किंवा कमाईशी बांधलेली होती. तुमच्या करारातल्या संवर्धनाच्या अटी मात्र पंधराव्या पानावर, आमच्या भाषेत नसलेल्या वाक्यांत असतात. आमच्या गटातल्या एकाही बाईला त्या वाचून दाखवण्यात आल्या नव्हत्या. मीच रात्री बसून त्या समजावून सांगितल्या, आणि त्यातल्या दोन अटी माझ्याही लक्षात आल्या नाहीत. उलट आम्ही स्वतः घातलेला नियम सगळ्यांना पाठ आहे: हद्दीच्या आत ज्याच्या घरचा माणूस कुऱ्हाडीसकट सापडेल, त्याच्या घरचा मध गट त्या हंगामात उचलणार नाही. अकरा वर्षांत तो तीनदा लागू केला. एकदा अध्यक्षांच्याच घरावर.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

किमान कर्जाची मर्यादा वाढवण्याचे निर्णय मागे घ्या. ज्यांना ते शक्य नसेल त्यांनी लहान कर्जांसाठी वेगळी खिडकी ठेवावी आणि तिला वेगळे कर्मचारी द्यावेत.

छाननीचा आणि पाहणीचा खर्च संवर्धनाच्या अंदाजपत्रकातून करा. तो आमच्या व्याजात घालू नका आणि आमच्या माथी महागपणाचा शिक्का मारू नका. २०० अब्ज डॉलरचं उद्दिष्ट ठेवणाऱ्यांना त्यातला अगदी बारीकसा हिस्सा या पायपिटीसाठी बाजूला काढणं अवघड नाही.

अर्ज आमच्या भाषेत आणि दोन पानांचा असू द्या. निर्णय हंगामाआधी कळवा. हंगाम कोणता हे अर्जातच विचारा. नकार असेल तर तोही हंगामाआधी द्या. उशिरा मिळालेल्या होकारापेक्षा वेळेवर मिळालेल्या नकारानं आमचं कमी नुकसान होतं.

हप्ते उत्पन्नाच्या महिन्यांत घ्या. झाडं लावायची असतील तर पहिली वर्षं सवलतीची असावीत. वणवा, रोग, महापूर अशा वर्षी मुदत आपोआप वाढावी, प्रत्येक वेळी हात जोडून विनंती करायला लावू नका.

जमिनीऐवजी गटाची परतफेडीची नोंद तारण म्हणून धरा, आणि स्थानिक बँकेनं किंवा पतसंस्थेनं कर्ज दिलं तर तिच्या तोट्यातला वाटा तुम्ही उचला. तुमची हमी असली की ती बँक आमच्या दारात येईल, आणि पुढे तुमची गरजही कमी होईल.

संवर्धनाची अट एकच ठेवा, मोजता येईल अशी ठेवा, आणि ती गटासोबत बसून ठरवा. ती पाळली तर व्याज कमी करा.

आणि दहा गटांना एकत्र यायला सांगण्याआधी एकदा नकाशा उघडून मधला ओढा बघा.

आमचा फुलोरा सुरू व्हायला आता पाच महिने राहिले आहेत. सत्तर नव्या पेट्यांचं लाकूड सुताराकडे ठरवलेलं आहे. आगाऊ रक्कम दिली नाही तर तो पुढच्या महिन्यात ते दुसऱ्याला देईल. व्यापाऱ्याचा माणूस गेल्या आठवड्यात येऊन गेला. उचल द्यायला तो तयार आहे, भाव तो ठरवणार. गटाची बैठक झाली, दोन तास चालली. मी सगळ्यांना एक महिना थांबायला सांगितलं आहे आणि त्यांनी माझ्या शब्दावर ते मान्य केलं आहे.

माझ्या अकरा वर्षांच्या वह्या माझ्याकडे आहेत: कर्ज, हप्ते, मधाचं वजन, लाल शाईतल्या नऊ ओळी आणि तीन दंड. तुमच्यापैकी ज्याला त्या बघायच्या असतील त्यानं यावं. बुंधा मी दाखवीन. पायात मजबूत बूट घाला.

आपली,
हद्दीवरच्या एका मधपाळ गटाची हिशेबनीस